विद्यादानाच्या अटी

माणसाने आपले म्हणून जे धरून ठेवले आहे त्यावर इतरांचा हक्क कोठून सुरू होतो, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु जमीन, गुरे, धान्य आणि सोने डोळ्यांसमोर ठेवून पूर्वसूरींनी त्याची जी उत्तरे दिली, ती संगणकाच्या आज्ञावलीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, आणि म्हणून गेल्या अर्धशतकात तो प्रश्न आपल्यापुढे नव्याने उभा राहिला आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या जगात परवान्यांच्या कलमांवरून गेली चाळीस वर्षे जे वाद अखंड चालू आहेत, ते बाहेरच्या माणसाला कारकुनी स्वरूपाचे, कायदेपंडितांच्या शब्दच्छलातून निपजलेले वाटतात; वस्तुतः त्यांच्या बुडाशी एक शुद्ध धर्मविषयक जिज्ञासा आहे. जी विद्या दिल्याने देणाऱ्याजवळची कमी होत नाही, ती देताना घेणाऱ्यावर अट घालण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे काय, आणि असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, ही ती जिज्ञासा होय.

आज्ञावली ही मुळात मालमत्ता कशी झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकाच्या आरंभकाळी यंत्र विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याला आज्ञावल्या बहुधा त्या यंत्राबरोबरच मिळत असत, आणि विद्यापीठांतील व प्रयोगशाळांतील मंडळी त्या एकमेकांना देत, सुधारीत आणि सुधारून परत देत. १९६९ साली आयबीएम कंपनीने यंत्राची आणि आज्ञावलीची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले, आणि जी वस्तू आजवर यंत्राच्या पोटात होती ती स्वतंत्रपणे बाजारात आली. पुढे फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने संगणकाचा छंद असलेल्या मंडळींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. अल्टेअर या यंत्रासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी बेसिक भाषेची जी आज्ञावली तयार केली होती, ती त्या यंत्राच्या धारकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी विकत घेतली होती. बाकीच्यांनी नकला करून घेतल्या होत्या, आणि झालेल्या श्रमांचा मोबदला तासाला दोन डॉलरांहूनही कमी पडला होता. व्यावसायिक दर्जाचे काम विनामूल्य करणे कोणाला परवडेल, हा त्या पत्रातील सवाल उर्मट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. विद्याधन चोराला नेता येत नाही आणि खर्चल्याने ते वाढते, असे सांगणारे सुभाषित आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे. परंतु विद्या वाढल्याने विद्यावंताचे पोट भरतेच असे नाही, या व्यावहारिक सत्याकडे सुभाषितकाराने लक्ष दिलेले नाही.

कायद्याने मात्र ते दिले. अमेरिकेने १९८० साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून आज्ञावलीला लेखकाच्या हक्काचे संरक्षण दिले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाची आज्ञावली वाङ्मयकृतींच्या सदरात दाखल झाली. आणि १९९४ च्या जागतिक व्यापार करारान्वये बहुतेक राष्ट्रांनी हीच व्यवस्था मान्य केली. या व्यवस्थेत एक असमतोल राहून गेला, आणि पुढील सर्व तंट्यांचे बीज मला त्यात दिसते. कादंबरीकाराला कायदा जो हक्क देतो, त्याच्या मोबदल्यात समाजाला कादंबरी वाचायला मिळते. तिची रचना कशी आहे, लेखकाने काय साधले आणि कोठे तो फसला, हे वाचक पाहू शकतो आणि त्यावरून स्वतः लिहायला शिकू शकतो. आज्ञावली मात्र ग्राहकाच्या हाती येते ती यंत्राला कळणाऱ्या अंकांच्या रूपात, आणि माणसाला वाचता येणारी तिची मूळ संहिता मालकाच्या कुलपात राहते. वाङ्मयाचा हक्क तिला मिळाला, पण वाचले जाण्याचे जे वाङ्मयाचे कर्तव्य, त्यातून ती मोकळी राहिली.

या असमतोलाविरुद्ध ज्याने आयुष्यभराचा वाद मांडला तो रिचर्ड स्टॉलमन हा मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत असे. १९८० च्या सुमारास त्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचे एक नवे मुद्रणयंत्र मिळाले होते. त्यात कागद अडकला की वापरणाऱ्याला तशी सूचना मिळावी, एवढी सुधारणा त्याला करावयाची होती. तिच्यासाठी लागणारी मूळ संहिता ज्याच्याजवळ होती, त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली असल्याचे कारण देऊन ती नाकारली. प्रसंग क्षुल्लक होता; परंतु ज्ञान जवळ असूनही शेजाऱ्याला ते न देण्याचे वचन कंपनीला देणे हा शेजारधर्माचा भंग आहे, असा निष्कर्ष स्टॉलमनने काढला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू या संपूर्णपणे मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९८९ साली त्याने जो परवाना प्रसिद्ध केला, तो जनरल पब्लिक लायसन्स, अर्थात जीपीएल, या नावाने सर्वत्र ओळखला जातो. आज्ञावली कोणत्याही कारणासाठी चालविण्याची, तिची संहिता अभ्यासून तीत बदल करण्याची, तिच्या प्रती इतरांना देण्याची आणि सुधारलेली आवृत्तीही वाटण्याची मुभा हा परवाना देतो. मात्र जो कोणी ती पुढे देईल त्याने ती याच मुभांसह आणि मूळ संहितेसह दिली पाहिजे, अशी शर्तही घालतो. या युक्तीला कॉपीलेफ्ट म्हणतात. मालकी हक्काचा कायदा मोडण्याऐवजी त्याच कायद्याच्या बळावर, पुढे कोणी मालक होऊन बसू नये अशी तजवीज या परवान्याने केली. हेलसिंकीच्या लायनस टॉर्वाल्ड्सने १९९१ साली आरंभिलेला लिनक्सचा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला, आणि आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये तो आहे.

या शर्तीवरच पूर्वपक्षाचा आक्षेप आहे, आणि तो तात्त्विक दृष्ट्या फार बळकट आहे. बर्कली येथील विद्यापीठात आणि खुद्द एमआयटीतही दुसऱ्या प्रकारचे परवाने जन्मास आले होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, घ्या, वापरा, बदला, हवे तर कुलपात ठेवून विका; फक्त आमच्या नावाचा आणि हक्काचा मजकूर काढू नका आणि नुकसानभरपाई मागू नका. या पक्षाचे लोक म्हणतात की, दान दिल्यावर दात्याचा हात त्या वस्तूवरून सुटला पाहिजे. घेणाऱ्याने पुढे काय करावे हे जो सांगतो, तो दानाच्या मिषाने आपली सत्ताच लांबवितो. बर्कलीच्या संहितेतील पुष्कळ भाग ॲपलने आपल्या कार्यप्रणालीत घेतला, आणि मूळ लेखकांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. कारण घेतले जावे म्हणूनच त्यांनी ते दिले होते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील दानविचार ज्यांनी वाचला आहे, त्यांना या भूमिकेची उंची सहज कळेल. द्यावयाचे म्हणूनच दिलेले आणि प्रत्युपकाराची अपेक्षा न ठेवता दिलेले दान तेथे सात्त्विक ठरविले आहे, आणि परतफेडीवर दृष्टी ठेवून दिलेले राजस. मग जो परवाना घेणाऱ्याकडून त्याच्या सुधारणांची संहिता मागतो, तो राजस दानाच्याच कोटीत बसत नाही काय?

मला वाटते, या आक्षेपाचे उत्तर दानाच्या मीमांसेत शोधू लागल्यास ते सापडणार नाही, कारण दानाला आधी निर्भेळ स्वामित्व लागते, आणि आज्ञावलीच्या बाबतीत तेच असिद्ध आहे. जो आज एखादी आज्ञावली लिहितो, तो डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या वर्षांत बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेचा किंवा तिच्या वंशजांचा आधार घेतो. शोधण्याच्या आणि क्रम लावण्याच्या ज्या रीती तो वापरतो, त्या त्याच्या जन्मापूर्वीच्या गणितज्ञांनी सिद्ध केलेल्या असतात. आणि त्याच्या शेकडो ओळींखाली अनोळखी माणसांच्या लक्षावधी ओळी निमूटपणे काम करीत असतात. अशा माणसाच्या हाती जे आहे ते मुख्यतः घेतलेले आहे. आपल्या परंपरेत या अवस्थेसाठी दानाहून निराळी कल्पना आहे, ती ऋणाची. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे, आणि त्यांतील ऋषिऋण विद्याध्ययनाने फिटते, अशी व्यवस्था आहे. जे शिकलो ते शिकविणे हाही त्या ऋणमुक्तीचाच भाग, असे परंपरा मानत आली. ते वचन जन्माने ब्राह्मण असलेल्यापुरते उच्चारलेले आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यातील तत्त्व त्याच्या मूळ कुंपणात मावणारे नाही. विद्या ज्याच्याकडून मिळाली त्याला ती परत करता येत नाही, म्हणून ती पुढच्याला द्यावयाची असते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे जीपीएलच्या शर्तीचा अर्थ बदलतो. ती प्रत्युपकार मागत नाही, कारण मूळ लेखकाला त्या शर्तीने काहीच परत मिळत नाही. जो खाजगीत बदल करून स्वतःपुरता वापरतो, त्याच्यावर तिचे कसलेही बंधन नाही. ती मागते ते एवढेच की, ज्याने पुढे दिले त्याने, आपल्याला ज्या मोकळेपणाने मिळाले त्याच मोकळेपणाने द्यावे. लाभ मिळतो तो तिसऱ्याला, ज्याला लेखक कधी पाहणार नाही. आपल्याकडील देवस्थान इनामाच्या जमिनीचे उदाहरण येथे लागू पडते: वहिवाटदाराने तिचे उत्पन्न घ्यावे, तीत विहीर खणावी, पीक बदलावे, पण ती खाजगी मालकीची म्हणून विकू नये, कारण ज्याच्या पूजेसाठी ती दिली आहे त्याची पूजा आजच्या वहिवाटदारापाशी संपत नाही. अशा अटीने दात्याचा अहंकार पोसला जात नाही. पुढच्या पिढीच्या हक्काला त्यामुळे संरक्षण मिळते.

महात्मा गांधींच्या उदाहरणावरूनही हेच दिसते. १९१० साली ‘हिंद स्वराज’चे इंग्रजी भाषांतर फीनिक्सहून प्रसिद्ध झाले तेव्हा कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे त्या पुस्तकावर छापलेले होते. पुढे मात्र त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क स्वीकारले आणि ते नवजीवन संस्थेकडे सोपविले. पहिली कृती संपूर्ण त्यागाची होती, दुसरी विश्वस्तपणाची. आणि वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन कृतींमागे एकच निष्ठा होती. त्याग केलेली वस्तू कोणाच्या हाती पडते, याविषयी उदासीन राहणे हे वैराग्याचे लक्षण असेलच असे नाही. कधीकधी तो कर्तव्याचा विसरही असतो.

बदल करण्याच्या मुभेविषयी मराठी मनाला एक शंका येणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या सर्वांत थोर ग्रंथाचा इतिहास तिच्याशी निगडित आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होताना तीत अनेकांनी भर घातली, पाठ बिघडले; शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, असे कडक शब्दांत बजावले. नाथांची चिंता खरी होती. दुसऱ्याच्या नावाखाली आपले शब्द घुसडणे हा अपराधच आहे. परंतु ज्या नाथांनी हे बजावले त्यांनीच स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर नवी विपुल रचना केली, आणि ती आपल्या नावाने केली. भर घालण्यात दोष नाही. भर कोणाची हे लपविण्यात आहे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमके हेच कलम आहे: बदललेल्या प्रत्येक दप्तरावर, बदल केल्याची आणि तो कोणत्या तारखेस केल्याची स्पष्ट नोंद असली पाहिजे. मूळ ग्रंथाची शुद्धता आणि उत्तरकालीनाचे स्वातंत्र्य या दोन्हींचा सांभाळ एका प्रामाणिक नोंदीने होऊ शकतो.

याहून कठीण प्रसंग पुढे आहे. पुढच्याला तसेच द्या, ही अट जर न्याय्य, तर चांगल्याच कामासाठी वापरा, ही अट अन्याय्य का असावी? डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ साली आपल्या एका परवान्यात, ही आज्ञावली सत्कार्यासाठी वापरावी, दुष्कार्यासाठी नव्हे, असे कलम घातले होते. २०१९ साली मानवी हक्कांचा भंग करणाऱ्यांना वापर नाकारणारा हिपोक्रॅटिक परवाना निघाला. मुक्त परवान्यांची व्याख्या करणाऱ्या संस्थांनी अशा अटी नाकारल्या, कारण व्यक्ती वा कार्यक्षेत्र यांवरून भेद करू नये हे त्यांचे मूलतत्त्व आहे. आपण लिहिलेल्या ओळी एखाद्या छळछावणीच्या किंवा संहारक अस्त्राच्या कामी येऊ शकतात, या विचाराने ज्याची झोप उडते, त्याच्या सद्‌हेतूविषयी मला नितांत आदर आहे. आणि देश, काळ व पात्र पाहून दान द्यावे, असे गीताही सांगते.

तरीही या अटीच्या बाजूने मला कौल देववत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. विद्येचा अधिकारी कोण, ही चौकशी आपल्या समाजाने शतकानुशतके केली, आणि तिचा शेवट स्त्रियांना आणि बहुजनांना विद्येच्या दाराबाहेर उभे करण्यात झाला. ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला तो त्या दारावरचा आघात होता, आणि १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती त्याच दाराची बिजागरी उखडणारी कृती होती. पात्रतेचा निर्णय ज्याच्या हाती गेला, त्याने तो बहुधा आपल्या सोयीने वापरला, असा आमचा अनुभव आहे. शिवाय सत्कार्य कोणते हे ठरविणारा परवाना लेखकाला कायमचा न्यायाधीश करतो, आणि ज्या जुलमी सत्तेला उद्देशून ते कलम लिहिले तीच सत्ता परवान्यांना भीक घालीत नाही. अडतो तो कायदा पाळणारा सज्जन. मग लेखकाने हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. आपले श्रम कोणत्या कामी द्यावयाचे हे ठरविण्याचा त्याचा अधिकार अबाधित आहे. अन्याय करणाऱ्या संस्थेची नोकरी नाकारणे, तिच्यासाठी दुरुस्ती न करणे, तिच्याविरुद्ध उघडपणे बोलणे हा असहकाराचा मार्ग त्याला मोकळा आहे. जे आधीच सर्वांचे झाले आहे त्या विद्येवर पहारा बसविण्यापेक्षा आपल्या कर्मावर पहारा ठेवणे हे अधिक कठीण आहे, आणि अधिक धर्म्यही.

शेवटी पुन्हा पोटाच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण तो टाळून उभारलेले तत्त्वज्ञान फार काळ टिकत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या आज्ञावलीत हार्टब्लीड नावाने प्रसिद्ध झालेला दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार ज्या आज्ञावलीवर विसंबून होते, तिच्या पोषणासाठी येणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २००० डॉलर एवढ्याच होत्या. एवढ्या मोठ्या ऋणाची एवढी क्षुद्र परतफेड! २०१८ साली मोंगोडीबी या कंपनीने, आपली आज्ञावली सेवा म्हणून पुरविणाऱ्याने आपल्या सगळ्या सेवायंत्रणेचीच संहिता खुली करावी, असा नवा परवाना काढला. इलास्टिक कंपनीने २०२१ साली तीच वाट धरली आणि २०२४ मध्ये पुन्हा मुक्त परवाना देऊ केला. या हेलकाव्यांच्या मागे तक्रार एकच आहे: ज्यांनी विद्येच्या बळावर साम्राज्ये उभारली त्यांनी गुरुदक्षिणा दिली नाही. तक्रार खरी आहे. पण तिचा उपाय कलमे अधिकाधिक जाचक करण्यात आहे, असे मला वाटत नाही. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली आणि अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ साली मुक्त परवान्यांच्या शर्ती कायद्याने बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला आहे, आणि ते उचितच झाले. परंतु न्यायालय संहिता उघड करावयास लावील, कृतज्ञता उत्पन्न करू शकणार नाही.

मराठी वाचकाला हा वाद परक्यांचा वाटू नये. फोनच्या पडद्यावर आपल्या लिपीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या ज्यामुळे योग्य जागी बसतात, ती हार्फबझ ही आज्ञावली अँड्रॉइडमध्येही आहे आणि फायरफॉक्समध्येही. ती एमआयटीच्या धाटणीच्या, जवळजवळ विनाशर्त परवान्याखाली दिलेली आहे. तिच्या कर्त्यांनी आपल्यावर कसलीही अट घातली नाही. म्हणून आपल्यावर तिचे ऋण नाही, असे कोणी म्हणेल काय? येथेच या विवेचनाचा निष्कर्ष स्पष्ट होतो. परवाना ऋण निर्माण करीत नाही. तो ते केवळ नोंदतो. बर्कलीच्या लेखकांनी ते नोंदले नाही आणि घेणाऱ्याच्या सदसद्विवेकावर सोपविले. स्टॉलमनने ते कागदावर आणून कायद्याच्या हाती दिले. पण ऋण दोन्हीकडे सारखेच आहे, आणि पहिल्या पक्षाचा उदारपणा हा घेणाऱ्याच्या विस्मरणाचा आधार होऊ शकत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामकाजात ओपन सोर्स आज्ञावल्या स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. त्या धोरणाचा अर्थ केवळ काटकसर असा न लावता, शासनाने, विद्यापीठांनी आणि आपल्याकडील सधन उद्योगांनी या सामाईक भांडवलाच्या देखभालीत पैसा, माणसे आणि वेळ यांचा वाटा उचलावा, आपण केलेल्या सुधारणा परत द्याव्यात, आणि शिकविण्याची सोय करावी. अट असो वा नसो, घेतलेली विद्या पुढे चालविणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य जो समाज मानतो त्यालाच दुसऱ्याच्या विद्येवर हक्क सांगता येतो.